नाव आणि गुण

गृहिणी मडके विकत घेताना त्यावर टिचकी मारून पाहते. धान्य घेणारा मूठभर दाणे तळहातावर घेऊन निरखतो. औषधाची गोळी मात्र अशी पारखता येत नाही. तेथे गिऱ्हाइकाला वेष्टनावरील नावाचाच आधार असतो.

औषधाला बहुधा दोन नावे असतात. एक त्यातील द्रव्याचे. ते कोणत्याही कारखान्यात तेच राहते. दुसरे कारखानदाराने ठेवलेले. ते त्याचे एकट्याचे. पॅरासिटामॉल हे द्रव्याचे नाव आहे. ताप उतरविणारे हे औषध अनेक कारखाने निरनिराळ्या नावांनी विकतात. ५०० मिलिग्रॅमच्या दोन प्रमाणित गोळ्यांचा गुण सारखाच असतो. किमतीत मात्र अंतर असू शकते. नाव लोकांच्या तोंडी बसावे म्हणून झालेला खर्चही अखेर किमतीतच मिळवला जातो. मग महाग ते चांगले, असा लोकांचा ग्रह होतो.

हा ग्रह किती प्रबळ असतो, हे इंग्लंडातील एका प्रयोगावरून दिसून आले. त्याचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले. डोकेदुखी असलेल्या काही स्त्रियांना औषधाच्या आणि काहींना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. दोन्ही प्रकारांतील काही गोळ्या प्रसिद्ध नावाच्या वेष्टनात होत्या, तर काही साध्या वेष्टनात. औषधाने आराम पडला, हे खरेच. परंतु प्रसिद्ध नावाच्या गोळ्यांनी साध्या वेष्टनातील गोळ्यांपेक्षा अधिक आराम पडला. औषध नसलेल्या गोळ्यांच्या बाबतीत तर नावाचा हा प्रभाव विशेष जाणवला. विश्वासाने मनाला धीर येतो आणि वेदना हलकी वाटते.

म्हणून नाव अगदीच व्यर्थ नव्हे. आपले नाव राखण्यासाठी चांगला कारखानदार मालाचा कस जपतो. परंतु हातावर पोट असलेल्या कुटुंबात कोणाला रोज औषध लागत असेल, तर केवळ नावापायी पडणारा जादा खर्च घासातून काढावा लागतो. अशा लोकांसाठी भारत सरकारने २००८ साली जनऔषधी योजना सुरू केली. तिच्या दुकानांत औषधे द्रव्याच्याच नावाने, स्वस्त दरात मिळतात.

औषध बदलायचे ते डॉक्टरांना विचारूनच. पण वेष्टनावरील द्रव्याचे नाव, प्रमाण आणि किंमत वाचण्यास कोणाची आडकाठी नाही. मडक्यावर मारायची टिचकी येथे डोळ्यांनी मारायची असते.