ठिपका आणि गुंठा

वनहक्क कायद्यान्वये शेतजमिनीचा दावा मान्य व्हावयाचा तर ती १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून दावेदाराच्या कब्जात असावी लागते. आणि गॅझेटियर, जनगणना व नकाशे यांच्याच पंक्तीस नियमांनी उपग्रहचित्रांसही पुराव्याचे स्थान दिले असल्यामुळे, गडचिरोली-चंद्रपूरच्या अरण्यप्रदेशात कोणत्या चित्रात काय दिसते हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा राहत नाही.

लँडसॅट-५ च्या चित्रातील एक ठिपका ३० मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे ९ गुंठ्यांचा असतो. धानाची लहानशी बांधी त्यात सहज लोपून जाते. सेंटिनेल-२ चा ठिपका जवळजवळ बरोबर एका गुंठ्याचा आहे, परंतु तो उपग्रह २०१५ साली अवकाशात गेला. २००५ सालच्या कार्टोसॅट-१ चे अडीच मीटरांचे चित्र कृष्णधवल असूनही बांध दाखवू शकते. गूगल अर्थवरील खासगी उपग्रहांची चित्रे याहूनही स्पष्ट असतात. मात्र तेथील पृष्ठभाग निरनिराळ्या तारखांच्या तुकड्यांनी जोडलेला असल्याने स्पष्टतेआधी तारीख पाहावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. इस्रोच्या ‘भुवन’बाबतही, जे २००९ पासून उपलब्ध आहे, हीच दक्षता हवी.

ऋतूही तितकाच निर्णायक: पावसाळ्यात ढग आड येतात, दिवाळीच्या सुमारास सागाची गर्द पाने खालची मोकळी जागा झाकतात, आणि पानगळीनंतर, चैत्र-वैशाखात, तीच भूमी उघडी दिसते.