चिनी वस्तीतील आई

सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये आम्ही शिरलो, तेव्हा लाल कंदील, वनौषधींची दुकाने आणि गिऱ्हाइकांची झुंबड यांतून वाट काढणे कठीण झाले. त्या कोलाहलातच साउथ ब्रिज रोडवर देवमूर्तींनी नटलेल्या गोपुराचे दर्शन घडले. हे श्रीमारिअम्मनचे देवालय, सिंगापुरातील सर्वांत जुने हिंदू मंदिर. १८१९ साली पेनांगहून आलेल्या नारायण पिल्ले यांनी ते १८२७ मध्ये स्थापिले. आरंभी ते लाकूड व झावळ्यांचेच होते. शेजारच्या पॅगोडा स्ट्रीटला नाव मिळाले तेही या गोपुरावरूनच!

ही देवी रोगराई निवारणारी. आपल्या मरीआईचे स्मरण होऊन आमचे हात आपोआप जुळले. परमुलखात कामधंद्यासाठी उतरलेल्या निराधार माणसाला पहिला आसरा याच अंगणात मिळे. आजही दीपावलीपूर्वी द्रौपदीमातेच्या उत्सवात व्रतस्थ भक्त धगधगत्या निखाऱ्यांवरून चालतात. चिनी भाविकही येथे श्रद्धेने हात जोडतात.

देश सुटतो, भाषाही कालांतराने विसरते. परंतु आईचा उंबरठा सापडला की माणूस पोरका राहत नाही. सणाच्या दिव्यांत एक दिवा अशा दूरस्थांसाठीही लावावा.