शंभर मण्यांची माळ

जपमाळेंत १०८ मणी असतात हें आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असतें. परंतु १८६५ सालीं काठमांडूहून ल्हासाकडे निघालेल्या एका यात्रेकरूच्या माळेंत अवघे १०० मणी होते. आणि ही उणीव वाटेंत कोणाच्या लक्षांत आली नाहीं हें भूगोलशास्त्राचें भाग्यच म्हणावयाचें. हा यात्रेकरू म्हणजे कुमाऊंतील मिलम गांवचा शिक्षक, पंडित नैनसिंग.

तिबेटांत त्या काळीं गोऱ्या माणसास प्रवेश नव्हता. म्हणून त्रिकोणमिति सर्वेक्षणाचे कॅप्टन माँटगोमरी यांनीं नैनसिंगास डेहराडून येथें शिकवून तयार करविलें. चढ असो वा उतार, पाऊल एकाच मापाचें पडावें हा त्या शिक्षणाचा मुख्य भाग. शंभर पावलें झालीं कीं एक मणी ओढावयाचा. माळ पुरी होईतों दहा हजार पावलें होत. सुमारें दोन हजार पावलांचा एक मैल, तेव्हां एक माळ म्हणजे पांच मैल. हातांतील प्रार्थनाचक्रांत मंत्रांऐवजीं टिपणांच्या चिठ्ठ्या असत. होकायंत्रही असेंच छपविलेलें.

परंतु नुसतीं पावलें मोजून नकाशा होत नाहीं. दहा मैल फिरून सायंकाळीं घरीं परतलेल्या माणसाची चाल दहा मैलांची, पण त्याचें स्थानांतर शून्य! चाल ही केवळ लांबी. स्थानांतरास लांबी व दिशा दोन्ही लागतात. अशा राशींस गणितांत सदिश म्हणतात, आणि त्यांची बेरीज दूधवाल्याच्या हिशेबासारखी सरळ होत नाहीं. चार मैल व तीन मैल मिळून सात होतील, पांच होतील, किंवा एकही होईल. वाट कशी वळली यावर तें अवलंबून.

युक्ति अशी आहे. वाटेचा तुकडा कितीही तिरपा असला तरी त्याचे दोन घटक पाडतां येतात: एक आडवा, म्हणजे पूर्व-पश्चिम, दुसरा उभा, म्हणजे दक्षिणोत्तर. तुकड्याची लांबी त्याच्या पूर्वरेषेशीं होणाऱ्या कोनाच्या कोटिज्येनें गुणिली कीं आडवा घटक येतो, ज्येनें गुणिली कीं उभा. पूर्व व उत्तर धन, पश्चिम व दक्षिण ऋण धरून आडव्यांची बेरीज निराळी करावी, उभ्यांची निराळी.

समजा, एक वाटसरू पूर्वेपासून उत्तरेकडे ३० अंश वळून ४ मैल चालला: पूर्वेस ३.४६, उत्तरेस २. मग वायव्येस ३ मैल: पश्चिमेस २.१२, उत्तरेस २.१२. शेवटीं नीट पूर्वेस २ मैल. आडवी बेरीज ३.३४, उभी ४.१२. या काटकोनाच्या दोन बाजू मानून कर्ण काढिला तर ५.३ मैल येतो. दिशा पूर्वेपासून उत्तरेकडे सुमारें ५१ अंश. चालणें झालें ९ मैलांचें! ज्या-कोटिज्या शिकणाऱ्या आमच्या बालवाचकांनीं हेच तुकडे उलट क्रमानें मांडून पाहावे. उत्तर तेंच येईल.

काठमांडूपासून ल्हासा पूर्वेस सुमारें ३५० मैल व उत्तरेस १३५ मैल आहे. कर्ण ३७५ मैलांचा. नैनसिंगांची सारी पायपीट मात्र परतीच्या वाटेसह सुमारें १२०० मैलांची झाली.

आतां खरी मौज पुढेंच आहे. यांपैकीं उभ्या बेरजेचा ताळा आकाशांत पाहतां येतो. नैनसिंगांच्या पेटीच्या चोरकप्प्यांत कोनमापक यंत्र होतें. कवड्यांत भरून नेलेला पारा लांकडी वाटींत ओतला कीं क्षितिजाचें काम भागे. ताऱ्याच्या उंचीवरून अक्षांश कळतो, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारें ६९ मैल. दोन गांवांचे अक्षांश मिळाले कीं त्यांमधील दक्षिणोत्तर अंतर मैलांत समजतें. तेंच अंतर पावलांत टिपणांवरून निघतें. एकास दुसऱ्यानें भागलें कीं पावलाचें माप हातीं येतें! पूर्व-पश्चिम अंतरास असा सोपा ताळा नाहीं, कारण पृथ्वी फिरते आणि एका अक्षांशावरील सर्व गांवांस तेच तारे तितक्याच उंचीवर दिसतात. तेथें दोन ठिकाणच्या वेळांतील अंतर अचूक ठाऊक असावें लागतें. म्हणून उत्तरेच्या ताऱ्यानें कसलेलें पाऊल पूर्वेकडे वापरावयाचें.

एखादा मणी चुकून अधिक ओढला गेला तर चूक अवघी ८८ यार्डांची, आणि अशा मागें-पुढें होणाऱ्या चुका बेरजेंत बऱ्याच अंशीं एकमेकींस खाऊन टाकतात. पाऊलच शेंकडा एकानें लांब धरलें असेल तर मात्र ३५० मैलांत साडेतीन मैलांची तफावत पडते, आणि ती कोठेंही कटत नाहीं.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें १८७७ सालीं नैनसिंगांस सुवर्णपदक दिलें. त्यांचे चुलतबंधु किशनसिंग १८७८ ते १८८२ या काळांत तिबेटांत हिंडले. वाटेंत कांहीं मजल त्यांस घोड्यावर बसणें भाग पडलें, तेव्हां त्यांनीं घोड्याचीं पावलें मोजलीं!