आरोग्यविमा आणि बालकांचे उपचार

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण बचतीविषयी बोलताना वापरतो. विम्याचे मूळ तत्त्वही तेच होय. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर संकट कोसळेल त्याला त्या साठ्यातून साहाय्य मिळावे. गोरगरिबांचा वाटा सरकार भरते. म्हणजे पर्यायाने तो आपण सर्वच करांच्या रूपाने भरतो. अशा योजनांत झालेल्या सुधारणांमुळे बालकांना मिळणारे उपचार खरोखर सुधारतात काय, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

भोपाळच्या अवधपुरीत हा प्रश्न सहज ध्यानात येतो. शेजारीच भेल कारखान्याची वसाहत आहे. तेथील कामगाराचे मूल आजारी पडले, तर त्याच्यासाठी कारखान्याचे कस्तुरबा रुग्णालय आहे. परंतु याच परिसरात घरे बांधणाऱ्या मजुराच्या मुलाचे काय? पैशाची जुळवाजुळव करण्यात बापाचे दोन दिवस जातात आणि लहान मुलाच्या दुखण्यात तेवढा विलंबही घातक ठरू शकतो.

ही अडचण दूर करण्यासाठी 2008 साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली. तीत कुटुंबाला वर्षाकाठी 30,000 रुपयांपर्यंतचे संरक्षण होते आणि तेही केवळ पाच जणांना. आई, वडील व तीन मुले एवढी नावे लिहिली की चौथे मूल बाहेर राही. 23 सप्टेंबर 2018 रोजी आरंभ झालेल्या आयुष्मान भारत योजनेने ही संख्येची अट काढून टाकली आणि संरक्षण 5 लाख रुपयांपर्यंत वाढविले. हृदयाला जन्मतः छिद्र असलेल्या बालकाच्या आईबापांना या फरकाचे मोल निराळे सांगावयास नको.

तथापि एवढ्याने सारे साधले असे नव्हे. ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्यासाठी आहे. बालकांची बहुतेक दुखणी, उदाहरणार्थ खोकला, जुलाब, रक्ताची कमतरता, ही वेळीच ओळखली तर दाखल होण्याची पाळीच येत नाही. त्यासाठी लसीकरण आणि नियमित तपासणी हवी. 1985 सालापासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम चालू आहे; फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यानुसार आरोग्यपथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा येऊन मुलांची तपासणी करावयाची असते. दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, मंद दृष्टी असे दोष येथेच उघडकीस येतात. हे पथक दोष शोधते आणि शस्त्रक्रियेचा भार विमा उचलू शकतो. दोहोंची सांगड बसली तरच मूल बरे होते.

आता रुग्णालयाच्या आतील गोष्ट पाहू. विम्यात बहुतेक उपचारांचा दर आधीच ठरलेला असतो. शुश्रूषा उत्तम झाली काय किंवा जेमतेम झाली काय, रक्कम तीच. म्हणून गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळविणाऱ्या रुग्णालयांना काही अधिक रक्कम देण्याची तरतूद केली गेली आहे, व ती आम्हांस योग्य वाटते. परंतु दक्षता केवळ पैशाने विकत मिळत नाही. 8 नोव्हेंबर 2021 रोजी भोपाळच्या कमला नेहरू रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि काही अर्भके दगावली. उपचारांचा खर्च कोणीही देवो, सुरक्षित विजेची जोडणी, पुरेशा परिचारिका व जागरूक व्यवस्था यांची उणीव त्याने भरून निघत नाही.

सारांश, विमा हा रुग्णालयाचे दार उघडतो; आत मिळणारी सेवा कशी असावी, हे मात्र समाजाच्या जागरूकतेवर ठरते. विद्यार्थी मित्रहो, शाळेत आरोग्यपथक आले म्हणजे तपासणी चुकवू नका, त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात न ठेवता घरी दाखवा, आणि शेजारच्या मजुराच्या घरी विम्याचे कार्ड आहे की नाही याची चौकशी करा. पात्र असूनही केवळ माहितीअभावी एखादे बालक उपचारांस मुकले, तर तो दोष त्या बालकाचा खचितच नव्हे.