दारातला वारा, आतली भिंत

• पार्टिशन छताचा भार पेलत नाही. त्याच्यावर येतो तो दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक. प्रवेशदाराजवळ तो सर्वांत मोठा असू शकतो.

• वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक: आयएस 875, भाग 3 (2015).

• त्यातला वाऱ्याचा मूलभूत वेग: मुंबई 44, पुणे 39 मीटर प्रतिसेकंद. उंची 10 मीटर, झोत 3 सेकंदांचा.

• दाब = 0.6 × वेगाचा वर्ग. मुंबईत, सर्व गुणक 1 धरून, चौरस मीटरला 1,162 न्यूटन. म्हणजे सुमारे 118 किलो.

• या दाबाला गुणायचा अंतर्गत दाबाचा गुणांक: बाहेरच्या भिंतीत उघडी जागा 5 टक्क्यांपर्यंत ±0.2, 5 ते 20 टक्के ±0.5, त्याहून जास्त ±0.7. काचेचं दार वादळात फुटण्याजोगं असेल, तर हिशेबात ते उघडंच धरावं.

• अमेरिकेत 6 फुटांहून उंच आतल्या भिंतींना किमान आडवा भार: चौरस फुटाला 5 पौंड.