बिअरला मोसंबीचा वास, पण आत मोसंबीचा थेंबही नाही! हॉप्सचा हा विषय काय आहे आणि घरी अशी बिअर बनवली तर काय होतं?

रील्स स्क्रोल करताना हा व्हिडिओ तुमच्यासमोरून गेलाच असेल. एक गोरा गडी गॅरेजमध्ये उभा आहे. समोर स्टीलचं मोठं पातेलं. त्यात तो हिरव्या रंगाच्या गोळ्या टाकतो आणि पंधरा-वीस दिवसांनी ग्लासात सोनेरी बिअर ओतून म्हणतो, काय भारी संत्र्यासारखा वास येतोय! खाली कमेंटमध्ये आपली पोरं विचारतात, "भावा, हे किट भारतात कुठं मिळंल?"

आता समजा हा प्रश्न भोकरदनच्या एखाद्या पोराने विचारलाय. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. जालना जिल्हा म्हणजे मोसंबीचा जिल्हा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली जीआय मानांकन मिळालंय. जिल्ह्यात बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र आहे. आणि भोकरदनपासून दीड-दोन तासांवर संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्यात बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत. म्हणजे मोसंबी पण आपली, बिअर पण आपल्या शेजारची. मग मोसंबीच्या वासाची बिअर घरी का बनवू नये?

उत्तर दोन भागांत आहे. एक भाग विज्ञानाचा, दुसरा कायद्याचा. आधी विज्ञान बघू.

बिअर नेमकी बनते कशी?

बिअरला चार गोष्टी लागतात. पाणी, माल्ट, यीस्ट आणि हॉप्स.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, शक्यतो बार्ली. आपण मटकीला मोड आणतो किंवा लेकरांसाठी नाचणीचं सत्त्व करतो, तसलाच प्रकार. मोड आले की धान्यात एन्झाइम तयार होतात. हे माल्ट भरडून ६५ ते ६७ अंश गरम पाण्यात तासभर ठेवलं की एन्झाइम स्टार्चची साखर करतात. ते गोड पाणी गाळून घ्यायचं, तासभर उकळायचं, २० अंशांपर्यंत थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट म्हणजे दुधाला लावलेलं विरजणच समजा. फक्त दह्यात जीवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, इथे यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं.

पेल एल हा यातला एक प्रकार. पेल म्हणजे फिकट रंगाच्या माल्टपासून केलेली. एल म्हणजे साधारण १८ ते २० अंशांवर आंबवलेली. २० लिटर पेल एलला चार-साडेचार किलो माल्ट लागतं आणि त्यात साधारण ५ टक्के अल्कोहोल येतं.

पेल एलचं आणि भारताचं जुनं नातं पण आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो भागातला जॉर्ज हॉजसन आपली बिअर जहाजाने भारतात पाठवायचा. काही महिन्यांच्या प्रवासात बिअर टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त असायचे. कारण हॉप्स काही जीवाणूंची वाढ रोखतात. पुढे या बिअरला इंडिया पेल एल हे नाव पडलं. आज पुण्या-मुंबईच्या मेन्यूकार्डवर आयपीए लिहिलेलं दिसतं, ते हेच.

मग हा मोसंबीचा वास कुठून येतो?

हॉप्स ही एक वेल आहे. हिचं कुळ भांगेचं, पण नशा हॉप्समध्ये नसते. तिच्या मादी वेलीला छोट्या हिरव्या शंकूसारखी फुलं येतात. फुलाच्या पाकळ्यांखाली पिवळी चिकट पूड असते. सगळा खेळ या पुडीचा आहे.

या पुडीत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे अल्फा अॅसिड. ते उकळलं की त्याची रचना बदलते आणि बिअरला कडवटपणा येतो. दुसरी म्हणजे सुगंधी तेलं. त्यात मायरसीन, लिनालूल, जिरॅनिऑल अशी संयुगं असतात. यातली काही संयुगं लिंबूवर्गीय फळांमध्येही सापडतात. म्हणून नाकाला वाटतं की कुणीतरी मोसंबी सोललीये. शिवाय आंबवण होताना यीस्ट यातल्या जिरॅनिऑलचं सिट्रोनेलॉल करतं, आणि लिंबाच्या अंगाचा वास आणखी खुलतो.

गंमत अशी की कडवटपणाला उकळी लागते आणि सुगंध उकळीत उडून जातो. त्यामुळे हॉप्स कधी टाकायचे, यावर सगळं ठरतं. स्वयंपाकघरात जिरं-मोहरी सुरुवातीला तेलात पडते आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर, तसंच. कडवटपणासाठीचे हॉप्स उकळीच्या सुरुवातीला टाकतात. वासासाठीचे हॉप्स उकळी संपताना, किंवा आंबवण झाल्यावर थंड बिअरमध्ये तीन-चार दिवस भिजत ठेवतात. याला ड्राय हॉपिंग म्हणतात.

प्रायोगिक हॉप्स म्हणजे काय भानगड आहे?

मोसंबीत न्युसेलर, काटोल गोल्ड, फुले मोसंबी अशा जाती आहेत. तशा हॉप्सच्या पण शेकडो जाती आहेत, आणि नवीन जाती संकर करून काढल्या जातात. एखादी जात अजून चाचणीत असते तेव्हा तिला नाव नसतं, नुसता नंबर असतो. बिअर बनवणारे ते हॉप्स वापरून बघतात आणि कळवतात की वास कसा आला. याच नंबरवाल्यांना प्रायोगिक हॉप्स म्हणतात.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात याकिमा नावाचं खोरं आहे. तिथल्या हॉप ब्रीडिंग कंपनीचे नंबर एचबीसी अक्षरांनी सुरू होतात. एचबीसी ३९४ ही जात पुढे सिट्रा नावाने जगभर गाजली. एचबीसी ३६९ चं नाव झालं मोझॅक. एचबीसी ५८६ ला अलीकडे क्रश हे नाव मिळालं.

हे काम एका रात्रीत होत नाही. सिट्राचा संकर १९९० साली झाला, बाजारात यायला सतरा-अठरा वर्षं गेली. त्याआधीची कॅस्केड ही जात तर सरकारी संशोधनातून आली. काम १९५६ ला सुरू झालं, जात बाहेर पडली १९७२ ला. याच कॅस्केडच्या जिवावर १९८० साली सिएरा नेवाडा पेल एल आली आणि लिंबूवर्गीय वासाच्या बिअरची लाट सुरू झाली. ती काढणारा केन ग्रॉसमन हा आधी घरीच बिअर बनवणारा हौशी माणूस होता.

हॉप्स भोकरदनला लावता येतील का?

अवघड आहे. हॉप्सला उन्हाळ्यात मोठा दिवस लागतो आणि हिवाळ्यात कडक थंडी. जगात हे पीक प्रामुख्याने ३५ ते ५५ अक्षांशाच्या पट्ट्यात होतं. भोकरदन २० अंशांवर आहे. आपल्याकडचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास भरतो. वेल जगेल, पण फुलं धरायचे वांधे होतील. भारतात हॉप्सची शेती झाली ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात, उंचावरच्या थंडीत.

दुसरी अडचण तापमानाची. एल २० अंशांवर आंबवायची असते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. उष्णतेत यीस्ट सैरभैर होतं आणि बिअरला रंगाच्या थिनरसारखा उग्र वास येतो.

तिसरी पाण्याची. बेसाल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं. त्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर फिकट बिअरचा कडवटपणा घशाला ओरबाडतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन राहिलं तर बिअरला दवाखान्यासारखा वास मारतो.

आता मुद्द्याचं: घरी बनवली तर काय?

थेट सांगायचं तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्यात मद्य या शब्दात बिअर, वाइन, ताडी सगळं येतं. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा कलम ६५ खाली गुन्हा आहे. घरी पिण्यापुरती पाच लिटर बनवली, विकली नाही, अशी पळवाट यात नाही. आणि बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे, मद्य बनवण्याच्या उद्देशाने भांडी, साहित्य किंवा उपकरणं जवळ ठेवणं हेसुद्धा याच कलमात येतं. शिक्षा तुरुंगवास आणि दंड अशी दोन्ही आहे.

म्हणजे कायद्याच्या नजरेत सिट्रा हॉप्सची पेल एल आणि ओढ्याकाठची हातभट्टी एकाच रांगेत उभ्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हा अन्याय झाला. विज्ञान बघितलं तर फरक आहेच. माल्ट आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला १०० हून अधिक माणसं विषारी दारूने गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. बिअरमध्ये तो धोका नसला तरी दुसरा असतो. आंबवण पूर्ण व्हायच्या आत बाटली बंद केली तर गॅसचा दाब वाढून काच फुटते.

पण कायदा करणाऱ्यांची बाजू पण आहे. घरात काय शिजतंय हे दारात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला कसं कळणार? एकदा घरगुतीला सूट दिली की हातभट्टीवाला पण तीच सूट दाखवणार. वर मद्यावरचा कर हा राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार आहे. आणि मराठवाड्यात पाण्याचा विषय वेगळाच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं, तेव्हा हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी ६० टक्क्यांपर्यंत कापायला सांगितलं होतं. मोठ्या कारखान्यातसुद्धा एक लिटर बिअरमागे तीन-चार लिटर पाणी जातं. घरी त्याहून जास्त, कारण उकळलेलं पातेलं थंड करायलाच कितीतरी पाणी वाहून जातं.

बाहेरच्या देशांत कसं चालतं मग?

तिथे पण पूर्वी बंदी किंवा परवान्याची अट होती. ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली काढली. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि स्वतःपुरती बिअर बनवायला केंद्राची परवानगी मिळाली. त्यालाही मर्यादा आहे. एकट्या माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि विकायची नाही. तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी २०१३ पर्यंत परवानगी दिली नव्हती.

आपल्याकडे रस्ता उघडला तो परवानाधारक मायक्रोब्रुअरीचा. २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली, ती महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. तिथे बनवणारा आणि पिणारा एकाच छताखाली असतो. पण त्याला भांडवल लागतं, जागा लागते, परवाने लागतात. भोकरदनच्या हौशी पोराला हा रस्ता लगेच परवडणारा नाही.

मग हौस असणाऱ्याने करायचं काय?

एक रस्ता आहे, तो म्हणजे हॉप वॉटर. यात माल्ट नाही, साखर नाही, यीस्ट नाही. त्यामुळे आंबवण नाही आणि अल्कोहोल पण नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चार-पाच थेंब लिंबू पिळायचं, दोन ग्रॅम हॉप्स टाकायचे, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवायचं आणि सकाळी फडक्यातून गाळायचं. सोड्यात मिसळून प्यायचं. कोणत्या हॉप्सचा वास कसा असतो, हे यातून छान कळतं. फक्त उरलेला चोथा कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात.

त्यात मोसंबी घालायची असेल तर वरची पिवळी साल किसून घाला, कारण सुगंधी तेल तिच्यातच असतं. आतला पांढरा भाग घेऊ नका, तो कडू असतो. मोसंबीचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो, हे घरोघरी माहीत आहे. त्याला कारण लिमोनिन नावाचं संयुग. मोसंबीवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाची हीच मोठी डोकेदुखी आहे.

आणि हौसेचं करिअर करायचं असेल तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथे अल्कोहोल टेक्नॉलॉजीचे अभ्यासक्रम चालतात. आंबवण, यीस्ट, प्रयोगशाळा, सगळं रीतसर शिकता येतं.

अमेरिकेने लिंबूवर्गीय वासाचे हॉप्स काढायला पंधरा-वीस वर्षं घातली. तो वास आपल्याकडे झाडाला लटकलेला असतो, आणि भाव पडला की बागवान तीच मोसंबी मिळेल त्या दराने देऊन मोकळा होतो. त्या सालीतल्या तेलाचं, त्या रसाचं काय करायचं, हा प्रश्न जालन्यासाठी बिअरपेक्षा मोठा आहे. तो सोडवायला कुठलं कलम आडवं येत नाही.

तोवर त्या रीलखाली किटचा पत्ता विचारणारा मित्र दिसला, तर त्याला कलम ६५ तेवढं सांगून ठेवा.