घरातल्या दुसऱ्या पगारावरचा कर

आइसलँडमधल्या लोकांना १९८७ हे वर्ष बिनकराचं मिळालं. तोवर तिथे आदल्या वर्षीच्या कमाईवरचा कर चालू वर्षात भरला जाई. १ जानेवारी १९८८ पासून तो थेट पगारातून कापायचं ठरलं. त्यामुळे १९८७ मध्ये लोकांनी १९८६ चा कर भरला आणि १९८८ मध्ये १९८८ चा. मधल्या वर्षाची कमाई सुटली. सरकारकडे येणारा पैसा थांबला नाही, पण त्या एका वर्षात केलेल्या प्रत्येक जादा तासाचा पूर्ण मोबदला कामगाराच्या हातात पडणार होता.

लोकांनी काय केलं? जास्त काम केलं. पुढे झालेल्या अभ्यासांत ही वाढ स्पष्ट दिसली. ज्यांना तास वाढवता येत होते त्यांनी ते वाढवले, काहींनी जोडीला दुसरी नोकरी धरली.

एवढ्यावरून ‘कर कमी केला की लोक जास्त राबतात’ असं कुणी म्हणेल. पण दहा-बारा वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये असाच प्रयोग आपसूक घडला. तिथेही जुन्या कमाईऐवजी चालू वर्षाच्या कमाईवर कर घ्यायचं ठरलं आणि तिथल्या प्रांतांना, म्हणजे कँटनना, दोन वर्षांची करमुक्त कमाई मिळाली. काहींना ती १९९७-९८ मध्ये, बहुतेकांना १९९९-२००० मध्ये आणि उरलेल्यांना २००१-०२ मध्ये. एका कँटनमध्ये कर आहे आणि शेजारच्यात नाही, अशी तुलना संशोधकांना क्वचितच मिळते. इसाबेल मार्टिनेझ, इमॅन्युएल साएझ आणि मिखाएल झिगेनथालर यांनी ती करून २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. हाती पडणारा मोबदला १० टक्क्यांनी वाढला, तर कमाई सरासरी जेमतेम पाव टक्का वाढली. नोकरी धरणाऱ्यांची संख्या वाढली नाही. स्वयंरोजगार करणारे आणि बडे पगारदार यांची कमाई जास्त फुगली, पण त्यातला बराच भाग जादा कामाचा नव्हता. उत्पन्न करमुक्त वर्षांत दाखवण्याची ती हुशारी होती.

दोन्ही देश श्रीमंत, दोन्हीकडे कर शून्य, तरी उत्तर वेगळं. कारण माणसाला काम वाढवायचं असलं तरी ते वाढवता यावं लागतं. आठवड्याचे तास करारात ठरलेले असतील, तर करमुक्त वर्ष आलं काय नि गेलं काय, कारकून संध्याकाळी ठरल्या वेळीच घरी जाणार.

करआकारणीत एखादी कडेलोटाची जागा असेल, तर हे आणखी ठळक दिसतं. पाकिस्तानच्या जुन्या आयकरात विशिष्ट मर्यादा ओलांडली की फक्त वरच्या रकमेवर नव्हे, तर सगळ्या उत्पन्नावर वाढीव दर लागत असे. पगार थोडा वाढला की हातातली रक्कम घटायची. हेन्रिक क्लेव्हेन आणि मझहर वसीम यांनी तिथल्या करविवरणांचा अभ्यास केला, तेव्हा प्रत्येक मर्यादेच्या किंचित खाली करदात्यांची गर्दी दिसली. पण मर्यादेच्या लगेच वर, जिथे थांबण्यात निव्वळ तोटा होता, तिथले सुमारे ९० टक्के पगारदार आपल्या जागेवरून हललेच नाहीत. त्यांना हलणं जमत नव्हतं.

आपल्याकडेही असा एक छोटा पट्टा आहे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य आहे. उत्पन्न १२ लाख १० हजार झालं, तर स्लॅबनुसार ६१,५०० रुपये कर येतो. तो मार्जिनल रिलीफ देऊन १०,००० वर आणतात आणि त्यावर ४ टक्के सेस लावतात. वर कमावलेल्या १०,००० रुपयांवर एकूण कर १०,४०० रुपये! म्हणजे १०४ टक्के. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हे असंच चालतं. सल्लागार किंवा वकील आपलं बिल मार्चऐवजी एप्रिलमध्ये काढू शकतात. पगारदाराला ती सोय नाही.

शंभरच्या वरचा दर म्हटला की स्वीडन आठवतं. १९७६ मध्ये बालसाहित्यिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांना आपल्या कमाईवर १०२ टक्के दर लागतो आहे असं कळलं. त्यांनी त्यावर वृत्तपत्रात एक उपरोधिक परीकथा लिहिली आणि देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी चार दशकांहून अधिक काळ सत्तेत असलेला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष निवडणूक हरला. ही गोष्ट जगभर सांगितली जाते. मात्र स्वीडनने पाच वर्षं आधी शांतपणे केलेला बदल त्याहून कितीतरी मोलाचा होता.

१९७१ पूर्वी तिथे नवरा-बायकोच्या उत्पन्नाची बेरीज करून कर आकारला जाई. घरात बसलेली बायको नोकरीला निघाली, तर तिच्या पहिल्याच क्रोनावर नवऱ्याच्या सर्वांत वरच्या स्लॅबचा दर लागायचा. १९७१ मध्ये दोघांचा कर वेगळा झाला आणि तिची गणना शून्यापासून सुरू झाली. हॉकन सेलिन यांच्या हिशेबाप्रमाणे, जुनी पद्धत चालू राहिली असती तर १९७५ मध्ये नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण सुमारे १० टक्केबिंदूंनी कमी असतं. चार वर्षांत, केवळ आकारणीच्या रचनेमुळे!

अमेरिकेतही हाच धागा दिसतो. १९७५ पासून तिथे कमी पगाराच्या कुटुंबांना कमाईच्या प्रमाणात सरकारकडून कर-परतावा मिळतो. कमाई शून्य, तर परतावा शून्य. १९८६ च्या वाढीनंतर काम करणाऱ्या एकल मातांचं प्रमाण २.८ टक्केबिंदूंपर्यंत वाढलं, असं नादा आइसा आणि जेफ्री लीबमन यांना आढळलं. क्लेव्हेन यांनी अशा निष्कर्षांना पुढे आव्हान दिलं आणि तो वाद अजून चालू आहे. पण हा परतावा कुटुंबाच्या एकत्रित उत्पन्नावर ठरतो. नवरा कमावता असेल, तर बायकोच्या पगाराने तो घटतो. काही विवाहित स्त्रियांनी त्यामुळे काम सोडलं, असं आइसा यांनीच हिलरी हॉइन्स यांच्यासोबत दाखवलं.

हे सगळं भारतात आज वाचायला हवं. आपल्याकडे नवरा-बायकोचा कर वेगळाच आकारला जातो. पण २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी सनदी लेखापालांच्या संस्थेने, आयसीएआयने, जोडप्यांना एकत्रित विवरणाचा पर्याय द्यावा अशी सूचना केली. एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला त्यात दिलासा आहे, हे खरं. त्यासाठी जोडप्याचे स्लॅब रुंदही करता येतील. तरी तिच्या पहिल्या रुपयाचा दर नवऱ्याच्या उत्पन्नाशी बांधला जाणं टळत नाही, आणि स्वीडनने नेमकी हीच गाठ सोडवली होती.

ती गाठ किती घट्ट बसू शकते, याचा एक हिशेब करता येतो. नवऱ्याचं करपात्र उत्पन्न २५ लाख आहे आणि मूल तीन वर्षांचं झाल्यावर बायको ६ लाखांच्या नोकरीवर परतायचा विचार करते आहे. आज तिला आयकर शून्य आहे. स्लॅब आहेत तेच ठेवून उत्पन्न एकत्र केलं, तर तिच्या सगळ्या कमाईवर ३० टक्के दर आणि वर सेस मिळून १,८७,२०० रुपये जातील. उरलेल्या ४,१२,८०० रुपयांतून पाळणाघराची फी, लोकलचा पास आणि घरी मदतीला येणाऱ्या मावशींचा पगार द्यायचा आहे.